एकाच टाकीतून दोघांचा श्वास

आमच्या रोलप्लेइंग खेळाचं, म्हणजे टेबलाभोवती बसून, पात्रं घेऊन, फासे टाकत गोष्ट रचायच्या खेळाचं, पहिलं डिझेलपंक सेशन पंधरा मिनिटांत बंद पडलं. खेळ चालवणारा मी. मोठ्या झोकात वर्णन करत होतो. रिव्हेट ठोकलेलं पोलादी जहाज, धुराड्यातून निघणारा काळा धूर, मागे शनीची कडी, इंजिनखोलीत घामानं निथळणारी माणसं. समोर चार खेळाडू. त्यातल्या एकाच्या वडिलांचं सांगलीकडं डिझेल इंजिन दुरुस्तीचं गॅरेज आहे. त्यानं फासा मुठीत धरूनच विचारलं, "या जहाजाचा एअर फिल्टर कुठं बसवलायस?"

सगळे हसले, मीही हसलो. डिझेल इंजिन हवा ओढतं आणि अंतराळात हवा नसते, हे कुठल्याही शाळकरी पोराला कळतं. मी म्हणालो, "जादू समज." तिथंच खेळातला जीव गेला. जादूच असेल तर डिझेल कशाला? जहाज वडे तळून उरलेल्या तेलावरही चालेल.

पुढच्या महिनाभरात त्याच एअर फिल्टरच्या प्रश्नातून आमचं अख्खं जग उभं राहिलं. असं जग तुम्हाला कथेसाठी किंवा रोलप्लेइंग खेळासाठी बांधायचं असेल, तर कुठून सुरुवात करायची ते सांगतो.

आधी दोन शब्द उलगडून घेऊ. डिझेलपंक म्हणजे साधारण १९२० ते १९५० या काळातलं तंत्रज्ञान आणि त्या काळाचा मूड घेऊन रचलेली कल्पित दुनिया. पोलाद, तेल, रेडिओचे व्हॉल्व्ह (आतल्या काचेच्या नळ्या), प्रचाराची पोस्टरं, दोन महायुद्धांची सावली. वाफेच्या इंजिनांवर चालणाऱ्या स्टीमपंकचा हा धाकटा, जास्त मळलेला भाऊ. हा शब्द रूढ केला तोच मुळी एका गेम डिझायनरनं. लुईस पोलाकनं २००१ साली आपल्या टेबलावरच्या खेळाचं वर्णन करताना तो वापरला. म्हणजे खेळ आधी, शैली नंतर.

'स्पेस ऑपेरा' ही मात्र शिवी होती. १९४१ साली विल्सन टकरनं घासून गुळगुळीत झालेल्या भडक अंतराळकथांना हे नाव ठेवलं. गाण्याशी त्याचा संबंध नाही. रेडिओवरच्या रडक्या मालिकांना अमेरिकेत 'सोप ऑपेरा' म्हणत, त्यावरून हे आलं. थोडक्यात, सासू-सुनेची मालिका, फक्त सासूकडं युद्धनौकांचा ताफा. पुढं वाचकांनी ती शिवी प्रेमानं अंगावर घेतली. घराणी, वैर, प्रेमं, बंडं, दूरदूरची जगं हे सगळं त्यात बसतं.

आता या दोघांची गाठ मारायची म्हटलं की नवखे लोक चित्रांपासून सुरुवात करतात. गॉगल, चामडी कोट, टोकदार नाकाची जहाजं. मीही तेच केलं होतं. माझं आता ठाम मत झालंय की सुरुवात टंचाईपासून करावी. आपल्या जगात काय कमी आहे ते आधी ठरवा. कोट कसले घालायचे ते मग आपोआप ठरतं.

टाकीचा हिशेब

एक किलो डिझेल पुरतं जाळायला सुमारे ३.४ किलो ऑक्सिजन लागतो. जमिनीवर तो फुकट मिळतो, म्हणून आपण फक्त डिझेलचे पैसे मोजतो. अंतराळात तो बरोबर न्यावा लागेल, द्रवरूपात, उणे १८३ अंशांच्या खाली गार करून. म्हणजे डिझेलच्या टाकीपेक्षा ऑक्सिजनचीच टाकी जड. इथवर नुसती गैरसोय झाली.

आता माणूस बघा. धडधाकट माणसाला दिवसाला साधारण ८४० ग्रॅम ऑक्सिजन लागतो. भागाकार केलात तर एक किलो डिझेल म्हणजे एका माणसाचे चार दिवसांचे श्वास. शंभर हॉर्सपॉवरचं, ट्रकच्या ताकदीचं इंजिन पूर्ण जोरात तासभर चालवलं तर सोळा किलोच्या आसपास डिझेल जातं. त्याबरोबर जातो चौपन्न किलो ऑक्सिजन. एका माणसाला तो दोन महिने पुरला असता.

हा आकडा मी टेबलावर सांगितला तेव्हा कुणी हसलं नाही. इंजिन आणि माणसं एकाच टाकीतून श्वास घेतात! शत्रू मागे लागला की कप्तानानं वेग वाढवायचा, आणि प्रत्येक मिनिटाला आपल्याच माणसांचे दिवस जाळायचे. जहाजावर कोण किती काम करतं, कोण नुसता बसून श्वास खातो, यावरून भांडणं लागणार. म्हातारा खलाशी, तान्हं मूल, लपून आलेला प्रवासी हे सगळे हिशेबाच्या वहीत येणार. कथानक शोधत बसायला लागत नाही.

ही अडचण खऱ्या इतिहासातही येऊन गेली आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुड्या पाण्यावर डिझेलवर चालत आणि बुडी मारली की बॅटरीवर. त्यांची सगळ्यात जास्त बांधली गेलेली सातव्या प्रकारची पाणबुडी पाण्यावर सतरा-अठरा नॉटनं (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) धावे, पाण्याखाली जेमतेम साडेसात. तेही थोडाच वेळ. बॅटरी पुरवायची तर चार नॉटनं रांगत ऐंशी सागरी मैल, मग हवेसाठी वर यायलाच हवं. पाणबुडीच्या गोष्टी अजून थरारक वाटतात, त्या या वर येण्यामुळंच.

जळलेल्या डिझेलमधून पाणीही निघतं. एका किलोला साधारण सव्वा किलो, वाफेच्या रूपात. अमेरिकी नौदलाच्या अॅक्रन आणि मेकॉन या, हलक्या वायूच्या पिशव्यांवर तरंगणाऱ्या हवाई जहाजांवर इंजिनांच्या धुरातलं पाणी थंड करून परत साठवत. इंधन जळून जहाज हलकं होऊ नये म्हणून ही खटपट. आमच्या जगात खलाशी हेच पाणी पितात. त्याला तेलाची चव असते आणि त्याचा चहा कितीही आलं घातलं तरी चहासारखा लागत नाही.

उष्णता विसरू नका. चांगलं डिझेल इंजिनसुद्धा निम्म्याहून जास्त ऊर्जा उष्णता म्हणून फेकतं, आणि पोकळीत ती वाहून न्यायला ना वारा ना पाणी. ती फक्त किरणांवाटे हळूहळू बाहेर पडते. म्हणून आमच्या जहाजांना माशाच्या कल्ल्यांसारखे मोठाले पत्रे लावलेले असतात. लढाईत पहिला नेम त्यांच्यावर.

थाप एकच मारायची

एवढं करून एक अडचण उरतेच. इंजिन फिरलं, पण ढकलणार कशाला? पंख्याला मागं लोटायला हवा नाही. इथं थाप मारावी लागते, आणि माझा नियम आहे की थाप एकच मारायची. ती मात्र दणदणीत मारायची आणि तिचे सगळे परिणाम इमानदारीनं भोगायचे.

आमची थाप अशी. एक खनिज आहे, ते जोरात फिरवलं की अक्षाच्या दिशेनं ढकलतं. जितकं जोरात फिरवाल, तितका धक्का. खेळाडूंनी त्याला नाव ठेवलं 'भिंगरी'. आणि भिंगरीला विजेचं वावडं. जवळपास विजेची ठिणगी जरी पडली तरी ती थंड पडते.

आता बघा याचं काय काय होतं. भिंगरी फिरवायला विजेची मोटर चालत नाही, सरळ लोखंडी दांडाच लागतो. पेट्रोल इंजिनाला ठिणगी लागते, म्हणून तेही बाद. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. नुसती हवा इतकी दाबतात की ती तापते आणि फवारलेलं तेल आपोआप पेट घेतं. म्हणजे या जगात डिझेलच का, या प्रश्नाला सणसणीत उत्तर मिळालं. इंजिनखोलीत विजेचा दिवा नाही, म्हणून तबकड्यांवर रेडियमचा रंग, अंधारात हिरवट चमकणारा. तो रंग घड्याळांवर भरणाऱ्या कारखान्यांतल्या मुली १९२०च्या दशकात अमेरिकेत खरोखर आजारी पडून मेल्या. तेव्हा आमच्या इंजिनखोलीतली माणसंही फार जगत नाहीत.

आणखी एक. वायरलेसला वीज लागते. म्हणून जहाज धावत असताना मुकं असतं. बोलायचं तर थांबायला हवं. हा नियम मी ठरवला नव्हता, तो थापेतून आपणच बाहेर आला. असे नियम खेळाडूंच्या डोक्यात बसतात, कारण त्यांना ते पाठ करावे लागत नाहीत.

थांबलेलं इंजिन परत सुरू करणं हे आमच्याकडं अख्खं नाट्य आहे. ज्यांच्या मळ्यात विहिरीवर जुनं ऑइल इंजिन होतं त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. हँडल अडकवायचं, दाब सोडायचा खटका वर करायचा म्हणजे चाक हलकं फिरतं. मग कमरेतून जोर लावून फिरवत राहायचं, जड चाकानं वेग घेतला की खटका पाडायचा. पहिला फटका... दुसरा... आणि काळ्या धुराचं वर्तुळ. लहानपणी मी आजोबांच्या इंजिनाचं हँडल वेळेत सोडलं नाही. त्याचा वण अजून मनगटावर आहे. आमच्या जहाजावर ते हँडल चौघं मिळून मारतात, आणि चौघांनाही फासे टाकावे लागतात.

गणितं कोण करणार? व्हॉल्व्हची जागा घेणारा इवलासा ट्रान्झिस्टर जन्मला डिसेंबर १९४७ मध्ये, आपल्या काळाच्या शेवटाला. त्याआधीचा एनिअॅक संगणक अठरा हजारांच्या आसपास व्हॉल्व्हचा आणि तीसेक टन वजनाचा. असलं धूड भिंगरीजवळ नेणं शक्य नाही. म्हणून मार्ग काढतात माणसंच, सेक्स्टंट (ताऱ्यांचे कोन मोजायचं यंत्र), स्लाइड रूल (आकडेमोडीची सरकती पट्टी) आणि तक्त्यांची पुस्तकं घेऊन. त्या काळी अशी आकडेमोड करणाऱ्या माणसांनाच 'कॉम्प्युटर' म्हणत, आणि त्यात बायका पुष्कळ होत्या. आमच्या एका खेळाडूनं हेच पात्र घेतलं. बंदूक न चालवता ती सगळ्यात महत्त्वाची ठरली.

ऑक्सिजन कुणाचा?

आता नकाशा. शनीचा चंद्र टायटन बघा. तिथं मिथेन आणि इथेनचे समुद्र आहेत. हॉयगेन्स यान १४ जानेवारी २००५ला तिथं उतरलं, तेव्हापासून तिथली गोटेमय जमीनही आपण पाहिली आहे. तपमान उणे १७९ अंश. हवा पृथ्वीपेक्षा दाट, पण तिच्यात ऑक्सिजन जवळजवळ नाही. त्या समुद्राकाठी काडी ओढलीत तरी समुद्र पेटणार नाही, काडीसुद्धा पेटत राहणार नाही. उलट मिथेनच्या दाट वाफेत ऑक्सिजनची नळी गळली आणि ठिणगी पडली तर नळीच्या तोंडाशी ज्योत लागते. आपल्याकडं गॅस गळण्याची भीती, तिथं ऑक्सिजन गळण्याची. पंपावर तेल जवळपास फुकट, पैसे मोजायचे ते हवेचे.

बर्फ तिथं अमाप आहे आणि बर्फातून ऑक्सिजन काढता येतो. पण एक किलो डिझेल जाळण्याएवढा ऑक्सिजन पाण्यातून फोडून काढायला जी वीज लागते, ती त्या डिझेलवर चाललेल्या इंजिनातून मिळणाऱ्या कामाच्या चौपटीहून जास्त. हा धंदा आतबट्ट्याचा. स्वस्त वीज ज्याच्याकडं, त्याच्याकडंच ऑक्सिजन. शनीपाशी सूर्यप्रकाश पृथ्वीच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास, बुधापाशी साडेसहा पटीनं जास्त. म्हणून आमच्या जगात आतल्या ग्रहांवर आरशांची प्रचंड शेतं आणि ऑक्सिजनचे मक्तेदार, बाहेरच्या चंद्रांवर तेल आणि तेल काढणारे मजूर. साम्राज्य कसं बनतं ते सांगायला मला वेगळा खलनायक लागला नाही.

साम्राज्याचा कारभार कसा चालतो हे शिकायचं तर आर-१०१ या ब्रिटिश हवाई जहाजाची हकिगत वाचाच. डिझेलपंकचं याहून अस्सल उदाहरण मला माहीत नाही, आणि ते येत होतं आपल्याकडंच. ४ ऑक्टोबर १९३०च्या संध्याकाळी ते कार्डिंग्टनहून निघालं. वाटेत इजिप्तमधलं इस्माइलिया आणि मुक्काम कराची. कराचीला त्याच्यासाठी अवाढव्य हँगर, म्हणजे जहाज ठेवायची शेड, बांधून तयार होता. इंजिनं पाच, सगळी डिझेलची, कारण उष्ण मुलुखात पेट्रोलची वाफ पेटेल अशी भीती. आणि तरंगण्यासाठी पिशव्यांमध्ये भरला होता हायड्रोजन! इंजिनं हिशेबापेक्षा जड निघाली. जहाज पुरेसं वजन उचलेना, म्हणून त्याच उन्हाळ्यात ते मधोमध कापून आणखी एक तुकडा जोडला. चाचण्या आवरत्या घेतल्या, कारण हवाई मंत्री लॉर्ड थॉमसन यांना त्याच जहाजानं हिंदुस्थानात जाऊन साम्राज्य परिषदेसाठी वेळेत लंडनला परतायचं होतं. ५ ऑक्टोबरच्या पहाटे वादळी पावसात ते फ्रान्समध्ये बोव्हे गावाजवळ टेकडीवर आदळून पेटलं. ५४ जणांपैकी ४८ गेले, मंत्रीही गेले. खासगी कंपनीनं बांधलेलं त्याचं भावंड आर-१०० त्याच उन्हाळ्यात कॅनडाला जाऊन सुखरूप परतलं होतं. तेही मोडीत काढलं.

यातलं मी काय उचललं? स्फोट नाही उचलला. उचलला तो मंत्री, ज्याच्या तारखेसाठी इंजिनिअरांनी मान डोलावली. आमच्या दुसऱ्या मोहिमेत असाच एक बडा अधिकारी जहाजावर चढला आणि खेळाडूंना त्याचा शत्रूच्या ताफ्यापेक्षा जास्त राग आला.

एक सावधगिरी सांगायला हवी. या काळाच्या गणवेशांत, झेंड्यांत, लाल-काळ्या पोस्टरांत मोहिनी आहे आणि ती मुद्दाम पेरलेली होती. हौशी खेळांत अर्धी मंडळी नकळत नाझींसारखे दिसणारे 'देखणे' खलनायक रंगवतात. व्ही-२ रॉकेटचं उदाहरण घ्या. १९४४ साली अंतराळाची सीमा ओलांडणारं ते पहिलं यंत्र, म्हणजे आपल्या विषयाचं तर मूळपुरुषच. पण ते जुळवलं मिटेलबाउ-डोरा छळछावणीच्या कैद्यांनी, डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांत. तिथं आणलेल्या सुमारे ६०,००० कैद्यांपैकी एक तृतीयांश मेले. चकचकीत रॉकेट दाखवायचं असेल तर तो बोगदाही दाखवा. नाहीतर नावातला 'पंक' काढून टाका.

कारण पंक म्हणजे खालून दिसणारं जग. इथं आपल्याकडं मालमसाला भरपूर आहे. मोठ्या आगबोटींवर डेकवर रत्नागिरीकडचे खलाशी, खानपानाला गोव्याची माणसं, इंजिनखोलीत पंजाब-सरहद्दीकडचे आगवाले, अशी वाटणी नेहमीची होती. वर साहेब, खाली सारंग आणि तांडेल, म्हणजे खलाश्यांचे मुकादम. मी आमच्या जहाजावरचे हुद्दे सरळ तिथून घेतले. 'फर्स्ट ऑफिसर' म्हटल्यावर खेळाडू सिनेमातल्यासारखे बोलत, 'तांडेल' म्हटल्यावर माणसासारखे बोलायला लागले.

आणि १८ फेब्रुवारी १९४६. मुंबईतल्या 'तलवार' या नौदलाच्या तळावर खलाश्यांनी निकृष्ट जेवण आणि अधिकाऱ्यांच्या शिवीगाळीविरुद्ध काम बंद केलं. बघता बघता ७८ जहाजं आणि वीसेक हजार खलाशी त्यात उतरले. ते इतकं झपाट्यानं पसरलं याचं एक कारण फार कमी लोकांच्या लक्षात येतं. 'तलवार' हे संदेशवहनाचं प्रशिक्षण केंद्र होतं. बंड करणारी पोरं वायरलेसवाली होती.

धावताना मुकं असणारं जहाज आठवतंय ना?

खेळाचे नियम मी फार लिहिले नाहीत. टेबलाच्या मधोमध एक वाटी ठेवली आणि तीत चिंचोके. एक चिंचोका म्हणजे बारा जणांच्या जहाजाचा एक दिवसाचा श्वास. दिवस उलटला की एक बाहेर. इंजिन तासभर पूर्ण जोरात चालवलं की पाच बाहेर. बाकी काही पाठ करायचं नाही. वाटीत बोट घालून चिंचोके मोजणारा खेळाडू बघितला की कळतं, जग जमलंय.

गेल्या महिन्यातलं सेशन. मक्तेदारांची गस्ती नौका मागे, वाटीत सात चिंचोके, सगळ्यात जवळचं बंदर तीन दिवसांवर. सगळे ओरडत होते, "पळव, पळव." आमचा सांगलीकर तांडेल होता. तो म्हणाला, "इंजिन बंद."

"वेडा झालास का?"

"बंद कर. वायरलेस लाव. टायटनच्या सगळ्या तेलबोटींना सांग, आमच्याकडं सात दिवसांची हवा आहे आणि मक्तेदार ती काढून घ्यायला आलेत. त्यांच्याकडं किती आहे विचार."

मी शांतपणे पाच चिंचोके उचलले. गस्ती नौकेच्या पहिल्या गोळ्यानं टाकी फोडली होती. वाटीत दोन राहिले. मग त्याला म्हणालो, "टाक फासा."

त्यानं हात वर केला. "थांब. आधी कोण उत्तर देतंय ते ऐकू दे."